मासा कोणत्या पाण्याचा? वैनगंगा-प्राणहितेच्या खोऱ्यातील मत्स्यवैविध्य आणि जनुकीय चिन्हके

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील गोड्या पाण्याच्या माशांवर आजवर झालेल्या लेखनाचा मोठा भाग याद्यांचा आहे. अमुक तलावात तमुक जाती आढळल्या, त्यांपैकी इतक्या कार्प कुळातल्या, इतक्या मिशाळ माशांच्या, अशी त्यांची ठरलेली मांडणी असते आणि तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र यादी जातीच्या नावापाशी थांबते आणि त्या नावाखाली पोहणारे सगळे मासे एकाच घडणीचे आहेत असे गृहीत धरून चालते. वैनगंगेच्या डोहातील मरळ, सिंदेवाहीकडील एखाद्या जुन्या तलावातील मरळ आणि भामरागडच्या पर्लकोटेतील मरळ या यादीत एकाच ओळीत बसतात, पण त्यांचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी वेगळे झाले, त्यांच्यात आजही देवाणघेवाण होते का आणि एखादा रोग किंवा कडक उन्हाळा सोसण्याची त्यांची तयारी सारखी आहे का, हे यादी सांगत नाही. ते सांगण्याचे साधन म्हणजे जनुकीय चिन्हक. डीएनएच्या साखळीतील ज्या तुकड्याचे स्थान माहीत आहे, जो एकाच जातीच्या निरनिराळ्या माशांत थोडाथोडा वेगळा असतो आणि जो आईबापांकडून पिल्लांकडे ठरलेल्या नियमाने जातो, त्या तुकड्याला हे नाव आहे. प्रयोगशाळेच्या बोलीत त्याला सरळ मार्कर म्हणतात. चिन्हकाचा माशाच्या रंगरूपावर परिणाम होत नसेल तर ते अधिक सोयीचे, कारण निसर्गाची निवड ज्या तुकड्याकडे लक्ष देत नाही तोच तुकडा वंशावळीची नोंद कमी ढवळाढवळीने जपतो.

या प्रदेशाचा नकाशा वाचला की वंशावळीचा प्रश्न येथे किती गुंतागुंतीचा आहे हे कळते. सातपुड्यात शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा आणि बैतूल जिल्ह्यातून आलेली वर्धा या दोन नद्या चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते. गोदावरीची ही सर्वांत मोठी उपनदी महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवरून सुमारे ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि पर्लकोटा व पामुलगौतमी यांना भामरागडला पोटात घेणारी इंद्रावती त्याच गोदावरीला आणखी खाली भेटते. माशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की चंद्रपूरजवळच्या इरई नदीतील मासा आणि भामरागडच्या संगमावरील मासा यांच्यात पाण्याची सलग वाट आहे, पण ती शेकडो किलोमीटरची आहे. याउलट शेजारच्या दोन गावांतील तलावांत अंतर दोन कोसांचे असले तरी पाण्याची वाट नसेल, तर तेथील माशांना ते अंतर कायमचे ठरते. जमिनीवरचे अंतर आणि पाण्याचे अंतर यांतील ही तफावत लक्षात न घेता नमुने गोळा केले, तर पुढचे सगळे गणित चुकते.

नावांचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. दख्खनच्या माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध केले आणि त्यांनी अनेक जातींना मराठी मच्छीमारांच्याच तोंडची नावे दिली. खडकाला चिकटून राहणाऱ्या मल्याचे गारा मुल्या झाले, एका महाशीर माशाचे टॉर खुद्री झाले, बोगट आणि पोटेल हे शब्दही असेच लॅटिन वेशात शास्त्रात गेले. यातील गोम अशी की साइक्स यांचे मासे प्रामुख्याने भीमेच्या खोऱ्यातले, टॉर खुद्री तर पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. म्हणजे ही नावे कृष्णा खोऱ्याच्या पाण्यावर बेतलेली आहेत. वैनगंगेच्या ओढ्यातील लहानशा मल्याला तेच नाव लावताना गोदावरी खोऱ्यातील आणि भीमेतील मासा एकच आहे हे सिद्ध झाल्यासारखे धरले जाते. ते खरे असू शकेल, पण तपासण्याचा मार्ग एकच आहे: भीमेतील मूळ ठिकाणचे मासे आणि इकडचे मासे यांचे तेच तुकडे शेजारी ठेवून वाचणे. साइक्स यांचे नाव या प्रदेशाशी आणखी एका वाटेने जोडलेले आहे. प्राणहितेकाठच्या कोटा गावाजवळ सापडलेल्या जुरासिक काळातील माशाच्या जीवाश्माची माहिती त्यांच्यामार्फत लंडनच्या विद्वानांपुढे गेली आणि १८५१ मध्ये त्याचे वर्णन छापून आले. त्याच नदीत आज पोहणाऱ्या बहुतेक माशांच्या वंशाची चौकशी मात्र त्या दगडी माशाइतक्या आस्थेने झालेली नाही.

चिन्हकांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६० च्या दशकात प्रथिनांच्या निरनिराळ्या रूपांवरून वैविध्य मोजण्याची रीत आली. त्यासाठी ताजे किंवा गोठवलेले ऊतक लागे आणि रानातून प्रयोगशाळेपर्यंत ते टिकवणे कठीण असे. १९८० च्या दशकात डीएनएचा हवा तो तुकडा लाखो पटींनी वाढवण्याची पीसीआर ही पद्धत हाती आली आणि परिस्थिती पालटली. १९९० साली पुढे आलेल्या रॅपिड या पद्धतीत माशाच्या डीएनएची आधी काहीही माहिती नसली तरी चालत असे, त्यामुळे ती भारतीय विद्यापीठांत विलक्षण लोकप्रिय झाली; परंतु तिचे निकाल प्रयोगशाळा बदलली की बदलतात, आणि माशाला आईकडून व बापाकडून मिळालेल्या दोन प्रती वेगळ्या आहेत की सारख्या हे तिच्यात कळत नाही. त्या काळातील अनेक प्रबंधांतील आकडे आज कशाशीही ताडून पाहता येत नाहीत.

प्रत्यक्ष उपयोगाची तीन साधने उरतात. पहिले मायटोकाँड्रियाचा डीएनए. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या घटकाला स्वतःचा साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा छोटा डीएनए असतो आणि तो केवळ आईकडून येतो. त्यातील सीओआय या जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा भाग जातीची ओळखचिठ्ठी म्हणून वापरावा असे कॅनडातील पॉल हेबर्ट यांच्या गटाने २००३ साली सुचवले, आणि डीएनए बारकोड हा शब्द रूढ झाला. दुसरे साधन सूक्ष्म-पुनरावृत्तींचे, म्हणजे मायक्रोसॅटेलाइटचे. डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांची जोडी अडखळणाऱ्या माणसाच्या बोलण्यासारखी पुन्हा पुन्हा येते. एका माशात ती बारा वेळा आली असेल, दुसऱ्यात पंधरा वेळा. प्रत्येक माशात आईकडची एक आणि बापाकडची एक अशा दोन संख्या मिळतात, आणि अशी दहा-पंधरा ठिकाणे तपासली की नात्यागोत्याचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज येतो. तिसरे साधन एकाक्षरी बदलांचे, ज्यांना स्निप म्हणतात. नव्या यंत्रांमुळे ते एका माशात हजारोंनी वाचता येतात. कोणते साधन श्रेष्ठ, हा प्रश्न निरर्थक आहे. जात कोणती हे विचारायचे असेल तर बारकोड पुरे, पण एकाच जातीच्या आत गेल्या वीस-तीस वर्षांत काय घडले हे विचारायचे असेल तर बारकोड मुका असतो.

हा भेद मागूर माशाइतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. इकडच्या दलदलीत आणि भाताच्या बांध्यांत मिळणारा देशी मागूर अनेक वर्षे क्लॅरियस बॅट्राकस या नावाने ओळखला जाई. २००८ साली ते नाव जावा बेटावरील माशाचे असल्याचे दाखवण्यात आले आणि भारतीय मासा क्लॅरियस मागूर ठरला, म्हणजे लोकांचे नाव अखेर शास्त्रानेही घेतले. बाजारात थाई मागूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकी क्लॅरियस गॅरिपायनस हा बंदी असलेला मासा देशीशी संकर करू शकतो. समजा अशा संकरित माशाचा बारकोड वाचला. आई देशी असेल तर चिठ्ठीवर देशी मागूर असेच येईल, कारण मायटोकाँड्रियाला बापाची खबरच नसते. त्यामुळे केवळ बारकोडवर विसंबून एखाद्या तलावातील देशी मागूर शुद्ध असल्याचा निर्वाळा दिला गेला, तर तो नेमका ज्यासाठी हवा त्याच बाबतीत फसवा ठरू शकतो. केंद्रकातील चिन्हके वाचल्याशिवाय बापाकडची बाजू उजेडात येत नाही.

माशांच्या मिश्रणाचे खरे मोठे कारण मात्र मत्स्यबीज हे आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली, आणि नदीतून बीज गोळा करण्याची गरज हळूहळू संपली. हे यश निर्विवाद आहे. गावोगावच्या मत्स्य सहकारी संस्थांचे अर्थकारण त्यावर उभे आहे. पण त्यातून एक जनुकीय अडचणही निघाली. एक मोठी मादी काही लाख अंडी देते, त्यामुळे बीजकेंद्राला फार थोड्या जोड्यांवर काम भागवता येते, आणि मग जिरे, बोटुकली असे पिल्लांच्या वाढीचे टप्पे ओलांडत एका तालुक्याच्या तलावांत पडणारे मासे एकमेकांची सख्खी-चुलत भावंडे असतात. जनुकशास्त्रात माशांची मोजणी डोकी मोजून होत नाही, तर पुढच्या पिढीत खरोखर वाटा उचलणाऱ्या जनकांच्या परिणामी संख्येने होते. केंद्रात वीस माद्या आणि अवघे दोन नर वापरले तर जनक दिसायला बावीस असले तरी परिणामी संख्या जेमतेम सात भरते, आणि दर पिढीला सुमारे सात टक्क्यांनी अंतर्गत प्रजनन वाढते. हे केवळ कागदी गणित नाही. कर्नाटकातील बीजकेंद्रांचा एकनाथ आणि डॉयल यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच धोक्याकडे बोट दाखवतो. तेथे अंतर्गत प्रजननाचा दर २ ते १७ टक्के इतका निघाला. उलट बाजूचे उदाहरण भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेचे: नॉर्वेच्या सहकार्याने घडवलेल्या जयंती रोहूचा पाया निरनिराळ्या नद्यांतील रोहू मुद्दाम एकत्र आणून घातला गेला. निवडीला वाव हवा असेल तर आधी वैविध्य हवे, हे तेथे नीट ओळखले गेले होते.

बीज सोडण्याने दूरच्या पाण्यात काय होऊ शकते याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रातच सुरू होतो. लोणावळ्याच्या टाटांच्या धरणावर १९७० च्या दशकापासून टॉर खुद्रीचे कृत्रिम प्रजनन झाले आणि तेथील बोटुकली देशभरच्या पाण्यांत गेली. त्यामागचा हेतू महाशीर वाचवण्याचाच होता. त्यांतील काही कावेरीत पोहोचली, जेथे पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मूळचा होता. पुढे कावेरीत टॉर खुद्रीचीच सरशी झाली आणि मूळचा मासा दिसेनासा होत गेला. तो मासा नेमका कोण हे आकार आणि डीएनए दोन्ही तपासून २०१८ मध्ये ठरले: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला, तर टॉर खुद्री धोक्याच्या वर्गातून बाहेर पडला. एका जातीचे संवर्धन दुसऱ्या जातीच्या मुळावर आले, आणि ती दुसरी जात नेमकी कोणती हे ठरण्याआधीच तिची पीछेहाट झालेली होती.

चंद्रपूर-गडचिरोलीत या प्रश्नाची कसोटी लागते ती माजी मालगुजारी तलावांवर, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात. गोंड राजवटीत, पुष्कळदा कोहळी समाजाच्या हातून बांधले गेलेले हे हजारो तलाव भंडारा-गोंदियापासून इकडे पसरलेले आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि त्यांतील मासेमारी मुख्यतः ढिवर समाजाच्या संस्थांकडे राहिली. जनुकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले तर ही तलावांची साखळी म्हणजे कुणीही न आखलेला प्रयोग आहे. वरचा तलाव भरला की त्याच्या सलंगीवरून, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या जागेवरून, पाणी नाल्याने खालच्या तलावात येते आणि मृगाच्या पहिल्या पुरात चढणीचे मासे त्याच वाटेने उलटे वर जातात. वर्षभर तुटलेली पाण्याची वाट अशी काही दिवसांपुरती जुळते. सैद्धांतिक गणित सांगते की दोन समूहांत दर पिढीला सरासरी एखाद-दुसरा मासा जरी ये-जा करून प्रजननात सामील झाला, तरी ते समूह एकमेकांपासून फार दूर जात नाहीत. तेव्हा एका नाल्यावरचे तलाव जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एक आणि पाणलोटाच्या पलीकडचे तलाव वेगळे, असे चित्र अपेक्षित आहे. मरळ, शिंगी, मागूर हे ओलसर गवतातून काही अंतर सरपटत जाऊ शकणारे, हवेत श्वास घेणारे मासे आहेत, तर लहान खवल्यांच्या माशांना पाण्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे एकाच साखळीत दोन प्रकारच्या माशांचे निकाल वेगळे निघाले तर नवल नाही, आणि या तुलनेतच या तलावांचे शास्त्रीय मोल आहे.

निकाल वाचताना एक सापळा टाळावा लागतो. एखाद्या तलावातील माशांत दोन वेगवेगळ्या प्रती बाळगणारे मासे अपेक्षेपेक्षा कमी निघाले की अभ्यासक लगेच अंतर्गत प्रजननाचा निष्कर्ष काढतात. पण तलावात बीजकेंद्रातले मासे आणि जुने स्थानिक मासे असे दोन समूह मिसळले असून त्यांच्यात अजून संकर झाला नसेल, तरी आकडे हुबेहूब तसेच दिसतात. दोन थैल्यांतले गोटे एकत्र ओतल्यासारखा तो प्रकार असतो. कोणता खुलासा खरा हे संगणकातून निघत नाही. त्यासाठी तलावात बीज केव्हा, कुठून आणि किती सोडले याची संस्थेच्या वहीतील नोंद लागते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांनी ढिवर मच्छीमारांचे स्थानिक माशांविषयीचे ज्ञान नोंदवण्याचे जे काम शेजारच्या जिल्ह्यांत केले आहे, त्याचे मोल अशा वेळी कळते.

नद्यांवर बांधकामे वाढली तशी वाटा तुटल्या आणि नव्या जुळल्याही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले, ज्याची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि त्याचा उजवा कालवा वैनगंगेचे पाणी आसोला मेंढा तलावापर्यंत नेतो; म्हणजे नदीचे मासे पूर्वी कधी न गेलेल्या वाटेने एका जुन्या तलावात पोहोचू शकतात. खाली सिरोंच्याजवळ गोदावरीवरचा मेडीगड्डा बंधारा जून २०१९ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचल्यावर तेथे पाणी अडवणे थांबवावे लागले. अशा बंधाऱ्यांनी मासे विभागले का, असा प्रश्न विचारून कुणी मायटोकाँड्रियाचे दोन-चार तुकडे वाचले तर उत्तर नकारार्थी येईल, आणि त्या उत्तराला काहीच अर्थ नसेल. दोन-तीन वर्षांनी वयात येणाऱ्या कार्पांच्या मेडीगड्डा झाल्यापासून जेमतेम दोन-तीन पिढ्या होतात, आणि एवढ्या अवधीतला फरक हजारो स्निप वाचून भावंडांची नाती हुडकल्याशिवाय दिसत नाही. वांबीच्या बाबतीत तर चिन्हके मुळातच गप्प राहण्याची शक्यता आहे. हा मासा नदीत वाढतो पण अंडी घालायला समुद्रात जातो. त्याचा युरोपीय भाऊबंद सगळ्या खंडाचा मिळून एकच प्रजननसमूह असल्याचे आढळले आहे. प्राणहितेतील वांबी उद्या संपल्या तरी समुद्रातील समूहाच्या वैविध्यात फरक पडणार नाही, आणि तरीही गोदावरीवरच्या दवलेश्वरमपासून वर एकामागून एक उभ्या राहिलेल्या भिंतींमुळे नदी वांबीला मुकलेली असेल.

दीर्घ काळाच्या प्रश्नांत हा प्रदेश वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा आहे. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात सातपुडा सिद्धांत मांडला: आग्नेय आशियाई वळणाचे डोंगरी ओढ्यांतले मासे पूर्व हिमालयाकडून विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिम घाटात पोहोचले. जनुकीय कालगणनेने, म्हणजे अक्षरांतील फरकांवरून वंश केव्हा फुटले याचा अंदाज काढून, या मांडणीची परीक्षा घेता येते, आणि के. प्रवीण कारंत यांनी २००३ साली अशा परीक्षेची दिशा स्पष्ट केली. पश्चिम घाटाच्या माशांवर भरपूर काम झाले आहे. तेथील २८८ जातींचा आढावा २००४ सालीच प्रसिद्ध झाला. या कथित वाटेच्या मधल्या टप्प्यावरच्या सुरजागड-भामरागडच्या डोंगरांतील ओढ्यांकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही, आणि वाटेचा मधला टप्पा रिकामा ठेवून दोन टोकांवरून प्रवासाचा निकाल देणे धाडसाचे आहे.

पाण्यात विरघळलेल्या डीएनएवरून, मासा न पकडता, त्याची उपस्थिती ओळखण्याची पद्धत अलीकडे गाजते आहे. २००८ साली फ्रान्सच्या तळ्यांत बेडकांवर ती प्रथम नीट दाखवली गेली. ताडोबा तलावासारख्या, मासेमारी बंद असलेल्या आणि मगरींच्या पाण्यात ती सोयीची आहे हे खरे. परंतु उन्हाळ्यात गरम, गढूळ पाण्यात डीएनए लवकर विरतो, गाळणी तुंबते, आणि संदर्भसंग्रहात स्थानिक माशाचा तुकडाच नसेल तर सापडलेल्या अक्षरांना नाव देता येत नाही. शिवाय ती समूहाच्या आतील वैविध्याविषयी अजून फार थोडे सांगते.

अखेर सगळे येऊन थांबते ते नमुन्यांवर. महाविद्यालयांच्या काचेच्या बरण्यांत ठेवलेले जुने मासे बहुधा फॉर्मेलिनमध्ये असतात आणि फॉर्मेलिन डीएनएची साखळी इतकी बिघडवते की तिच्यातून वाचण्याजोगे फारसे काही निघत नाही. याउलट शेपटीच्या पराची मसुरीच्या दाण्याएवढी कात्रण शुद्ध अल्कोहोलात ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते, मासा पाण्यात परत सोडता येतो आणि पर पुन्हा भरून येतो. एका ठिकाणाहून एका जातीच्या तीस ते पन्नास माशांच्या कात्रणी पुरतात. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे अशा कामाचा दीर्घ अनुभव आहे, आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या महाराष्ट्र जनुक कोशाच्या सात विषयांत गोड्या पाण्याचे जैववैविध्य हा एक आहे. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या पाण्यातून नमुने न्यायचे तर ग्रामसभेची संमती आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समितीचा सल्ला हवा, आणि तो केवळ कागदी सोपस्कार म्हणून नव्हे, कारण कोणत्या तलावात कधीच बाहेरचे बीज पडलेले नाही हे त्याच लोकांना ठाऊक असते. असे तलाव शोधून त्यांचे नमुने आधी घेणे हे या क्षेत्रातील पहिले काम ठरते, आणि त्याला ऋतूची अट आहे: मे-जूनमध्ये पाणी आटून उरल्यासुरल्या डबक्यात मासे गोळा होतात तेव्हा, जुलै-ऑगस्टमध्ये नव्या बोटुकलीच्या पिशव्या येऊन पाळीवर उघडल्या जाण्यापूर्वी.